धानाच्या अंगणातले पाय

लग्नाच्या फोटोत पांढरा ठिपका दिसला, की लोक मला आत्मा-बित्मा सांगायला येतात. मी लेन्सवरची धूळ पुसून दाखवतो. गोंदियात इतकी वर्षं फोटोग्राफी केली, कधी कशाला घाबरलो नाही. त्यामुळे हे लिहिताना माझा मलाच राग येतोय... पण लिहितो.

माझी भाची तन्वी पुण्यात बॅले शिकायची. मुंबईच्या एका डान्स स्कूलमध्ये निवड व्हावी म्हणून तिला फोटो हवे होते — हालचाल दिसली पाहिजे, उजेडही. स्टुडिओ नको म्हणाली. म्हणून गेल्या हिवाळ्यात फुलचूरजवळच्या बंद पडलेल्या राइस मिलमध्ये गेलो. तिथे धान वाळवायचं भलंमोठं सिमेंटचं अंगण आहे. नातीचा नाच बघायला आईपण आली. तरुणपणी ती याच मिलमध्ये कामाला होती. उकडलेलं धान अंगणात पसरलं, की बाया अनवाणी पाय घासत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायच्या, खालचं धान वर यावं म्हणून.

ऊन उतरलं. तन्वी उडी मारायची, जुना कोंडा उडायचा, उन्हात चमकायचा. मी शटर मुद्दाम संथ ठेवलं. अशा फोटोत हलणारं सगळं पुसट होतं, स्थिर असेल तेच स्पष्ट येतं.

स्क्रीनवर बघितलं. तन्वी नुसता पांढरा धूर... फर्स्टक्लास! पण खाली दोन पाय अगदी स्पष्ट. अनवाणी, भेगाळलेले, बोटांत जोडवी. म्हणजे तेवढा वेळ तिथे कोणीतरी न हलता उभं होतं. आणि तन्वीच्या पायात तर गुलाबी शूज होते!

मान वर केली, तर ती नाचत नव्हती. पाय घासत सरळ रेषेत चालत होती. टोकाला पोचली, वळली, परत निघाली...

"तन्वी!" मी धावत जाऊन तिचा दंड धरला. फुंकर मारली तर उडेल अशी पोर, पण तिने मलाच फरफटत नेलं. डोळे उघडे, नजर माझ्याकडे नाही. शूजमधून रक्त यायला लागलं होतं.

आई उठली. "काऊन बोंबलून राह्यला? ते धान फिरवून राह्यली. सुट्टी झाल्याबिगर थांबन का?" आणि मुकादमासारखी तोंडाशी हात धरून ओरडली, "चाला वो बायांनो, सुट्टी झाली!"

तन्वी मटकन खाली बसली. "मामा, माझे पाय का दुखतायत?"

तिची निवड झाली. पण मुंबईतही तेच. प्रॅक्टिस संपली, की पाय आपोआप घासत चालायला लागायचे. म्हणून ती आधीच फोन लावून ठेवायची, इकडून आई ते वाक्य म्हणायची, मगच पाय थांबायचे. उन्हाळ्यात आई गेली. तेव्हापासून मी म्हणतो.

परवा एका लग्नात होतो. बँड कानाशीच, फोन ऐकूच आला नाही. बघतो तर मिस्ड कॉलच मिस्ड कॉल. घाईघाईने लावला. तिच्या मैत्रिणीने उचलला, रडत होती. "मामा, ती थांबतच नाहीये..." मागून पाय घासल्याचा आवाज — सर्र... सर्र...

भर वरातीत मी गळा फाटेस्तोवर ओरडलो, "चाला वो बायांनो, सुट्टी झाली!"

आवाज थांबला.

डॉक्टर म्हणतात, मनावरचा ताण. असेल. मग ते फोटोतले पाय कोणाचे? मला अजून कळलेलं नाही. फोन मात्र आता खिशात ठेवत नाही, हातातच असतो. त्या बाईला कायमची सुट्टी कशी द्यायची, कोणाला माहीत असेल तर कृपा करून सांगा.