शमीमची कथा आणि पहिल्या रांगेतला सोफा

"मॅडम, माझा सत्कार कॅन्सल करता येईल का?"

शमीमने हे विचारलं तेव्हा मी हॉलच्या माणसाशी माइकवरून हुज्जत घालत होते. दोन माइक देतो म्हणून सांगून आता तो एकावर आला होता. मी त्याला थांबवलं आणि शमीमला बाजूला घेतलं. कार्यक्रम पुढच्याच शनिवारी होता. निमंत्रण ग्रुपवर फिरलं होतं, शाल आणली होती, बटाटेवडे सांगून झाले होते.

"कारण काय?" मी विचारलं.

"ती गोष्ट ह्यांनी ऐकायची नाहीये."

"हे" म्हणजे तिचे यजमान, युसुफभाई.

आधी माझ्याबद्दल थोडं सांगते. दुबईतल्या एका जाहिरात संस्थेत मी कॉपी एडिटर होते. दुसऱ्याने लिहिलेलं तपासायचं, कापायचं, शिवायचं आणि नाव मात्र त्याचंच राहू द्यायचं, असं ते काम. त्यात आयुष्य गेलं. रिटायर झाले तरी मुलगा इथेच, म्हणून मीही इथेच राहिले. मग आमच्या मराठी मंडळाने डिस्कव्हरी गार्डन्स नावाच्या वस्तीत लेखन कार्यशाळा सुरू केली आणि ती माझ्या गळ्यात मारली. एका ट्रेनिंग सेंटरची खोली, शनिवारची दुपार, आणि आठवडाभर ऑफिसातल्या ईमेलखेरीज काही न लिहिणारी माणसं.

माझे नियम दोनच. लेखकाने आपली कथा स्वतः वाचायची नाही, शेजाऱ्याने वाचायची. म्हणजे लेखकाला ती परक्यासारखी ऐकता येते आणि कुठे पाणी घातलंय ते आपोआप कळतं. दुसरा नियम, "हे खरं घडलंय का?" असं कोणी विचारायचं नाही. हा प्रश्न आला की लेखक घाबरतो आणि पुढच्या कथेत परीला आणतो.

शमीम शारजापलीकडच्या अजमानहून यायची. मूळची रायगडातल्या किनाऱ्याकडच्या एका गावची. माहेरी मराठी शाळेत शिकलेली, लग्नानंतर वाचन सुटलेलं, मुलगी कॉलेजात गेल्यावर परत लिहायला बसलेली. युसुफभाई तिला गाडीने आणून सोडायचे आणि कार्यशाळा संपेपर्यंत खाली पार्किंगमध्ये सीट मागे टाकून क्रिकेट ऐकत बसायचे. वर या म्हटलं तर छातीवर हात ठेवून, "नाय मॅडम, ती तुमची लाइन," म्हणत हसायचे. मोठा गोड माणूस. येताना सगळ्यांसाठी कधी खजूर, कधी गरम समोसे घेऊन यायचा.

तिची "सुपरवायझर" ही कथा मीच महाराष्ट्रातल्या एका दिवाळी अंकाच्या स्पर्धेला पाठवली होती. पहिला नंबर आला. आमच्यापैकी कोणाचं तरी तिकडे छापून येणार, हे पहिल्यांदाच घडत होतं. ग्रुपवर हारांचा आणि टाळ्यांचा नुसता पाऊस पडला. मंडळाचे अध्यक्ष पाटणकर साहेब एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत प्लॅनिंग मॅनेजर आहेत. त्यांनी लगेच एक्सेल शीट उघडून रन-ऑर्डर बनवली. रन-ऑर्डर म्हणजे कार्यक्रमात कशानंतर काय, याचा तक्ता. दीपप्रज्वलन, अध्यक्षीय भाषण, सत्कार आणि शेवटी संपूर्ण कथेचं अभिवाचन, म्हणजे हातात कागद धरून थोड्या अभिनयासह केलेलं वाचन. पहिल्या रांगेत सत्कारमूर्तीच्या कुटुंबासाठी सोफा.

तोच सोफा शमीमच्या छातीवर बसला होता.

कथा अशी. एक बाई गावी आणि तिचा नवरा अबुधाबीत. मी सुपरवायझर आहे, असं तो फोनवर सांगत असतो. एसी केबिन, हाताखाली माणसं. पहिल्या सुट्टीवर येतो. तो झोपल्यावर ती त्याची बॅग उघडते, तर शर्टांच्या बाह्यांना बारीक बारीक जळकी भोकं. तिचा चुलता बंदरावर लोखंडाचं काम करायचा, त्याचे कपडे तिने पाहिलेले असतात. ग्राइंडरच्या ठिणग्यांनीच अशी भोकं पडतात, हे तिला ठाऊक असतं. केबिनमध्ये बसणाऱ्याच्या बाह्या जळत नाहीत. ती काही बोलत नाही. सुट्टी संपेपर्यंत सगळे शर्ट रफू करते, घडी घालून बॅगेत ठेवते आणि त्याला विमानतळावर सोडते. कथा तिथे संपते.

"आमचे हे अबुधाबीजवळ मुसफ्फ्याच्या वर्कशॉपमध्ये होते तेव्हाची गोष्ट," शमीम म्हणाली. "आजतागायत त्यांना माहीत नाही की मला माहीत होतं."

मी विचारलं, मग लिहिलीस कशी इतकी बिनधास्त? त्यावर ती जे म्हणाली ते ऐकून मी कपाळावर हात मारला. युसुफभाई शिकले उर्दू शाळेत. मराठी बोलतात आमच्याइतकीच, पण देवनागरी वाचता येत नाही. मुलगी इथे वाढलेली, तिला मराठीचा कंटाळा. म्हणजे ती घरात टेबलावर उघडी ठेवली तरी कथा सुरक्षित होती. आता बक्षीस मिळालं आणि पंचाईत झाली.

बरं, नुसते युसुफभाई असते तर गोष्ट वेगळी. बायकोचा सत्कार म्हटल्यावर त्यांनी हौसेने शारजा-अजमानमधली गावची सगळी मंडळी बोलावली होती. त्याच मंडळींना त्यांनी तेव्हा सुपरवायझर म्हणून सांगितलं होतं. आज गावात त्यांच्या शब्दाला वजन आहे, कोणाच्या मुलाला नोकरीला लावायचं असेल तर आधी त्यांना फोन येतो.

"चारचौघांत त्यांची मान खाली गेली तर मी काय करू त्या शालीचं?" शमीम म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ही नाटकं करणारी बाई नव्हे.

मी एडिटर. अडचण आली की मी आधी कात्री शोधते. मी पाटणकर साहेबांना फोन केला आणि पूर्ण कथेऐवजी उतारा वाचू या म्हटलं. गाव, समुद्र, फोनची वाट पाहणं, इथपर्यंत. बॅग उघडायच्या आधी थांबायचं. कारण सांगितलं नाही, वेळेचं निमित्त पुढे केलं.

"अहो मेधाताई, क्लायमॅक्सच नाही? लोक घरी काय घेऊन जाणार?"

"बटाटेवडे."

ते दुखावले. पण वाचलेला वेळ तुमच्या भाषणाला घ्या म्हटल्यावर त्यांचा सूर बदलला. रन-ऑर्डर सुधारली गेली.

तरी मला चैन पडेना. शमीमला मी स्पष्ट सांगितलं की ही एका दुपारची मलमपट्टी आहे. अंक निघेल, कोणीतरी हौशी माणूस कथा वाचून त्याची व्हॉइस नोट करेल आणि ती गावच्या ग्रुपवर जाईल.

"एकतर तू सांग," मी म्हटलं, "नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप सांगेल."

ती नुसतीच मान हलवून गेली. ते हो होतं की नाही, मला कळलं नाही.

शनिवारी हॉल भरला. गावची मंडळी अत्तर लावून, इस्त्रीचे कपडे घालून दुसऱ्या रांगेत बसली. माइक एकच आला. पहिल्या रांगेतला सोफा मात्र रिकामा. शमीम फोन उचलेना, युसुफभाईही उचलेनात. मुलगी मैत्रिणीबरोबर आधीच पोचली होती, तिला विचारलं तर म्हणाली, "दे लेफ्ट लाँग बॅक, आंटी." माझ्या मनात नको नको ते यायला लागलं. आपण त्या बाईला उगाच भरीला घातलं, असं वाटत होतं. पाटणकर साहेबांचं भाषण लांबावं म्हणून मी देवाची प्रार्थना केली. असं मी त्याआधी कधी केलेलं नाही आणि पुढेही करणार नाही.

भाषण मराठी माणूस आणि वाळवंट इथवर आलं तेव्हा दोघं आली. युसुफभाई कोणाकडे न बघता सोफ्यावर जाऊन बसले. डोळे लाल. शमीम सरळ माझ्याकडे आली.

"पूर्ण वाचायची, मॅडम. आणि मीच वाचणार."

"त्यांना सांगितलंस?"

"वाचून दाखवली. शारजाच्या ट्रॅफिकमध्ये. गाडी चालवत होते, उठून जाता येईना." तिने पदर सारखा केला. "ऐकता ऐकता एक्झिट चुकला, तसेच अबुधाबीच्या रस्त्याला लागले. मग कुठेतरी गाडी बाजूला घेतली नि म्हणाले, हॉलमध्ये पूर्ण वाच. मधेच थांबू नको."

सत्कार झाला आणि शमीमने स्वतः कथा वाचली. माझा पहिला नियम मोडला, पण त्या दिवशी मला नियम आठवायला वेळच नव्हता. सुरुवातीला ती घाईघाईने वाचत होती. बॅग उघडायचा प्रसंग आला तशी ती संथ झाली. मी कथा ऐकत नव्हतेच, मी युसुफभाईंच्या मानेकडे बघत होते. ती ताठ होती. शेवटचं वाक्य झालं, टाळ्या झाल्या, आणि तिसऱ्या रांगेतून एक बाई उठून म्हणाल्या, "खूपच सुंदर. पण हे खरं घडलेलं आहे का हो?"

मी त्यांच्याकडे असं पाहिलं की दुसरी कोणी असती तर खाली बसली असती.

युसुफभाई उभे राहिले. पाटणकर साहेबांना काय वाटलं कोणास ठाऊक, त्यांनी माइक त्यांच्या हातात दिला.

"खरी आहे," युसुफभाई म्हणाले. "तो मीच. सुपरवायझर नव्हतो, ग्राइंडर मारायचो. सुट्टीवरून परत गेलो, बॅग खोलली, बघतो तर सगळ्या शर्टांना रफू. म्हटलं खलास, हिला कळलं. पण बोलली नाही. मग मी ठरवलं, आता बनायलाच पाहिजे. फोरमनच्या मागे लागून काम शिकलो, ड्रॉइंग वाचायला शिकलो. आणि बनलो. एकदम खरा सुपरवायझर."

त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला.

"पण घरी काय सांगणार? घरी तर मी पहिल्यापासूनच सुपरवायझर. बढतीचं लेटर मिळालं त्या दिवशी लेबर कॅम्पच्या बाहेर एकट्याने शावरमा खाल्ला नि झोपलो."

शमीम स्टेजवर कागद हातात धरून तशीच उभी होती. तिला रफूपर्यंतचं माहीत होतं. हे माहीत नव्हतं.

"मला सांगायचं ना," ती म्हणाली. माइक तिच्याजवळ नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

"काय सांगू? सुपरवायझरचा सुपरवायझर झालो म्हणून?"

हॉल हसला, तीही हसली आणि हसता हसता तिने तोंडाला पदर लावला. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं.

आता आमच्या मंडळींची एक सवय सांगते. सत्काराच्या पिशवीत एक शाल नेहमी जास्तीची असते. ऐनवेळी कोणी मोठा माणूस टपकला तर धावपळ नको, म्हणून. पाटणकर साहेबांनी ती काढली, नारळ घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा रन-ऑर्डरमध्ये नसलेली गोष्ट केली. युसुफभाईंना वर बोलावलं आणि बढतीबद्दल त्यांचा सत्कार केला. भाषण केलं नाही. त्याबद्दल मी त्यांची कायमची ऋणी आहे.

युसुफभाईंची मान खाली गेलीच होती, पण ती शाल अंगावर घेताना जाते तशी. खाली उतरल्यावर गावच्या एका वयस्क चाचांनी त्यांना मिठी मारली. वडे खाताना चाचांनी आम्हाला सांगितलं की स्वतः ते बरीच वर्षं गावाच्या लेखी स्टोअरकीपर होते. प्रत्यक्षात ते स्टोअरच्या बाहेर ट्रक खाली करत. मग आणखी एक जण बोलला, मग आणखी एक. चहा थंड होईपर्यंत तेच चाललं होतं आणि सगळे पोटभर हसत होते.

घरी आल्यावर माझ्यातला एडिटर जागा झाला. अंक अजून छपाईला गेला नव्हता. मी शमीमला फोन करून म्हटलं, शेवट वाढवू या, बढतीचं घालू या, कथा कुठल्या कुठे जाईल.

"नको मॅडम," ती म्हणाली. "त्या बाईला ते माहीत नव्हतं. रफू करताना तिला कसं माहीत असणार?"

बरोबर होतं. शेवट आहे तसाच राहिला.

अंक आला, तसा युसुफभाईंचाच फोन आला. मुलीकडून त्यांनी कथा वाचून घेतली होती. एकेक अक्षर लावत तिने वाचली म्हणे, अख्खी सुट्टी गेली त्यात.

"मॅडम, ते मी बनलो ते छापलंच नाही."

मी म्हटलं, आता बदलता येत नाही, छापून झालं.

"मग तिला दुसरी गोष्ट लिहायला सांगा ना."

"तुम्हीच सांगा."

"सांगितलं. म्हणते, अजून काय काय लपवलंय ते आधी सगळं सांगा, मग लिहिते. सांगतोय रोज थोडं थोडं. खूप आहे, मॅडम."

शमीमची ती कथा मी चार वेळा तपासली होती. स्वल्पविरामसुद्धा सुटला नव्हता. माझ्या धंद्याची हीच एक मर्यादा आहे: जे लिहिलेलंच नाही, त्याचं प्रूफ तपासता येत नाही.