घरोघरचं खत

आई गेली त्या आठवड्यातच मी खताचा ड्रम रिकामा केला, घासून धुतला, फिनाईल टाकलं आणि मागच्या अंगणात उन्हात उपडा घातला. त्यालाही आता बरेच महिने झाले. तरी दिवेलागणीला मागच्या दारात उभी राहिले की वास येतो. शिळ्या कालवणाचा, आंबूस, ओला. मी अख्खी नोकरी सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलीय, वासाच्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. पट्टी सोडायच्या आधी मला कळायचं जखम चिघळलीय का ते. तेव्हा तिथे वास नाही, हे कुणाहीपेक्षा मलाच नीट माहीत आहे. आणि तरी येतो. एकदा शेजारणीला बोलावून विचारलं. तिने दोनदा नाक ओढलं आणि म्हणाली, "सिस्टर, मला तर मोगऱ्याचाच येतोय." बरं बाई, मोगरा तर मोगरा.

घर श्रीगोंद्याच्या कडेला आहे. निवृत्त झाल्यावर बांधलं आणि गावाकडून आईला घेऊन आले. तिचं गाव मिरजगावच्या पुढे, कोरड्या भागात. इकडे निदान कॅनॉलचं पाणी, ऊस, हिरवं काहीतरी दिसेल, तिला बरं वाटेल असं मला वाटलं होतं. पण माझ्या प्लॉटला ऊसवाल्यांची काळी माती कुठली मिळायला? निव्वळ मुरूम. कुदळ मारली की खण्ण वाजायचं आणि हाताला मुंग्या यायच्या. वांग्याची रोपं लावली ती पंधरवड्यात माना टाकून मेली. तेव्हा मला खताचं खूळ लागलं.

खूळच म्हणायचं. मी अर्धवट काही करत नाही, हा माझा गुणही आणि खोडही. निळा प्लास्टिकचा ड्रम आणला, त्याला सळई तापवून भोकं पाडली. तळाशी नारळाच्या शेंड्या, मग ओला कचरा, त्यावर उसाचं पाचट, परत कचरा, परत पाचट. वरून आंबट ताकाचा शिपका. पाचटाला आपल्याकडे तोटा नाही, लोक रानात पेटवून देतात. मी रस्त्यात गाडी उभी करून पोतं भरून घ्यायचे आणि पेटवणाऱ्याला चार शब्द सुनवायचे, ते वेगळं. पण दोन बायकांच्या स्वयंपाकघरातून निघून निघून काय निघणार? मेथीच्या काड्या, कांद्याची टरफलं, चहाचा चोथा. ड्रम भरेना. मग मी कॉलनीत सांगून टाकलं, घंटागाडीची वाट बघत बसू नका, खरकटं मला द्या.

आणि लोकांनी दिलं की. सकाळी नऊच्या आत फाटकाशी बादल्या लागायला लागल्या. प्लास्टिक सापडलं तर बादली तशीच परत जाईल, असं मी बजावलं होतं, आणि दोघींची खरंच परत पाठवली. वॉर्डात वापरलेली जीभ इथेही कामाला आली. हिवाळ्यात सकाळी ड्रमचं झाकण उघडलं की आतून वाफ निघायची. हात घातला तर ऊब लागायची, तापल्या अंगाला लागते तशी. वर्ष सरलं तसं त्या मुरमाची माती झाली. काळी, भुसभुशीत, मुठीत दाबली की गोळा व्हायची आणि टिचकी मारली की सुटायची. त्यात मी वांगी लावली, टोमॅटो लावले, न्हाणीचं पाणी वळवून पपई लावली. घोसाळ्याचा वेल तर पार टाकीवर चढला. मला एवढा आनंद तर नोकरी कायम झाली तेव्हासुद्धा झाला नव्हता.

पहिली वांगी निघाली त्या दिवशी भरलं वांगं केलं. शेंगदाण्याचं कूट, तीळ, काळा मसाला, सगळं आईच्या हातचं असायचं तसं. आईने ताटातलं वांगं बोटाने कडेला सारलं आणि ठेच्याशी भाकरी खाल्ली. म्हटलं, का गं? तर म्हणे, "दात न्हाईत मला." दात नसलेली ही बाई दुपारी ओसरीवर भाजलेल्या शेंगा फोडून खात होती. दुसऱ्या दिवशी घोसाळ्याची भजी केली. तीही राहिली. पालकाची पातळ भाजी, टोमॅटोचं सार, पपई, एकाला म्हणून तिने हात लावला नाही. भाकरी, ठेचा, पाणी. महिन्याभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. बांगड्यांवरून वजन ओळखता येतं मला, त्याला काटा लागत नाही. मला राग यायला लागला. आणि रागाच्या खाली भीती, कारण त्या वयात बाई खाईनाशी झाली की पुढे काय होतं ते मी कितीतरी खाटांवर बघितलं होतं.

एक दिवस संध्याकाळी आम्ही दोघी पुढच्या पायरीवर बसलो होतो. शेजारीण पाहुण्यांचं आवरून फाटकाशी आली आणि तिथूनच ओरडली, "सिस्टर, खरकटं आणलंय बरं का." मोठी बादली होती, काठोकाठ. मटकीची उसळ, कढी, भात, भाकरीचे तुकडे, सगळं एकात एक. मी उठून घेतली. वळून बघते तर पायरीवर आई नाही. आत जाऊन तिने दाराला कडी लावली होती.

दार उघडलं ते अर्ध्या तासाने. कॉटवर बसली होती, पदर नाकाला लावून. मी म्हटलं, "आई, झालंय काय तुला?"

"त्यो वास," ती म्हणाली. "मायच्या गाडग्याचा हाय."

माय म्हणजे तिची आई, माझी आजी. मी तिला पाहिलेलं नाही.

ऐकून मला माहीत होतं थोडं. सगळ्यांनाच असतं आमच्यात. छप्पन सालात धम्म घेतला त्याच्या आधी आमची माणसं गावकीची कामं करायची. निरोप पोचवायचा, वेशीवर राखण करायची, मेलेलं ढोर ओढायचं. त्याच्या बदल्यात संध्याकाळी घरोघर फिरून भाकरी मागायची. त्याला हक्क म्हणायचे. धम्म घेतल्यावर हे सगळं सोडलं, हे आम्ही मान वर करून सांगतो, आणि सांगावंच. पण आई त्यात स्वतः होती, परकर नेसून मायच्या मागे मागे चालत होती, हे तिने मला त्या संध्याकाळपर्यंत कधी सांगितलं नव्हतं. मी साठी ओलांडलेली बाई, आणि मला ठाऊक नव्हतं.

टोपलीत भाकरी आणि हातात कालवणाचं गाडगं. टोपली मायकडे, गाडगं हिच्याकडे. दारात लांब उभं राहून हाक द्यायची. कुणी वरून आमटी ओतायचं, कुणी कढी, कुणी कालची भाजी. सगळं त्या एकाच गाडग्यात. "बारा घरचं एकात," आई म्हणाली. "त्याला कशाचीच चव न्हाई. वास तेवडा लई." उरलेल्या भाकरीचे तुकडे करून माय उन्हात वाळवायची आणि ते कुटके मडक्यात भरून ठेवायची, पावसाळ्यात कामी यायचे. घरी आल्यावर ती पोरांना वाढायची आणि स्वतः बाजूला बसायची. "म्हनायची, मी वाटंतच खाल्लं. आमी जेवायचो मग."

मला गप्प बसता येत नाही. तेव्हा तरी बसायला हवं होतं. पण मी दवाखान्यातल्या आवाजात तिला समजावायला लागले. म्हटलं, आई, ते मागणं होतं, हे मागणं नाही. लोक माझ्या दारात येतात. मी सांगेन तसं आणतात, प्लास्टिक टाकलं तर मी परत पाठवते. हे मी माझ्या अटीवर घेते आणि त्याचं सोनं करते.

ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "दार कुनाचं का असंना. आत काय येतंय ते बग."

मी आठ दिवस धुसफुसले. मग कॉलनीत सांगितलं, शिजवलेलं नको, नुसती सालं द्या. मग सालंही बंद केली. ड्रम मागच्या भिंतीशी नेला. लोकांनी विचारलं, सिस्टर का हो, तर म्हटलं कंबर धरते. आईला सांगितलं, बघ, आता आपल्याच घरचं आहे सगळं. तरी ती बागेतलं खाईना. म्हणे, "माती तीच हाय की." खरंच होतं ते. मग तिच्यापुरती भाजी मी बाजारातून आणायला लागले. कुठल्या ओढ्याच्या पाण्यावर पिकवलेली असेल कोण जाणे. तिने ती मुकाट्याने खाल्ली, आणि माझी वांगी झाडावर पिवळी पडली.

मला वाटलं, प्रश्न मिटला. कसला मिटतोय. गाळप सुरू झालं की कारखान्याच्या मळीचा वास अख्ख्या गावावर बसतो, नाक धरून फिरतात लोक. आईची त्याबद्दल कधी तक्रार नाही. पण बंद ड्रमच्या बाजूने जाताना ती पदर नाकाला लावायची. आणि एक दिवस मलाही तो आला. आत नुसतं पाचट आणि चहाचा चोथा होता, तरी आला. मी झाकण उघडून डोकं आत घालून हुंगलं. आत फक्त मातीचा वास होता, पावसाळी रानासारखा. झाकण लावून दोन पावलं मागे आले आणि परत कालवण. त्या दिवसापासून संध्याकाळी मी मागे जायचं टाळायला लागले.

गेल्या हिवाळ्यात आईच्या डोक्यातलं मागचंपुढचं व्हायला लागलं. सकाळी ठीक असायची. ऊन उतरलं की बेचैन. "दिवस मावळला का?" हे सारखं विचारायची, उठायची, बसायची, पदर खोचायची. उतारवयात असं होतं. नातेवाइकांना बाजूला घेऊन मी हे किती वेळा समजावलंय, शांतपणे, मुद्देसूद. आपल्या घरात झालं की मुद्दे आठवत नाहीत.

एका संध्याकाळी मी तिच्या गोळ्या आणायला मेडिकलला गेले. परत आले तर पुढचं दार सताड उघडं. कॉट रिकामी. मी तशीच शेजारणीकडे पळाले. ती फाटकातच भेटली, हसत. "आजी येऊन गेल्या की आत्ता. डबा घेऊन आल्या होत्या. मला वाटलं तुम्ही खताचं परत चालू केलंत. भाकरी घातल्या कालच्या आणि उसळ होती उरलेली." मग जरा थांबून म्हणाली, "पण आत या म्हटलं तर आल्या नाहीत. लांबच उभ्या राहिल्या, तिकडे."

तिने बोट दाखवलं ते रस्त्याच्या कडेला होतं. मला तिथे उभं राहवेना.

आई मागच्या अंगणात होती. ड्रमचं झाकण काढून तिने खाली ठेवलं होतं, आणि नळाशी बसून माझ्या स्टीलच्या डब्यातले भाकरीचे तुकडे एक एक करून धूत होती. उसळ निपटून काढायची, तुकडा खळबळायचा, पिळल्यासारखा दाबायचा आणि झाकणावर मांडायचा. ओळीने मांडले होते, एकाला एक न चिकटता. वाळायला. ऊन तर कधीच गेलं होतं.

मी "आई" म्हटलं. तिने वर बघितलं, आणि तिचा चेहरा असा मोकळा झाला की मी तसा माझ्या जन्मात पाहिला नव्हता. माझ्याकडे बघून कुणाला एवढा आनंद होईल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

"आलीस व्हय, माय?" ती म्हणाली. "बस. आज लई मिळालं बग."

मी तिच्याशेजारी ओल्या फरशीवर बसले. तिने झाकणावरचा एक तुकडा उचलला, त्यातल्या त्यात मोठा, आणि माझ्यापुढे धरला. "तू खा आदी."

तो शिळा तुकडा, दुसऱ्याच्या ताटातला. मी हात मागे घेतला. जे सुचलं ते तिनेच सांगितलेलं होतं. मी म्हटलं, "तू खा. मी वाटंतच खाल्लं."

आईने माझं मनगट धरलं. तिच्या हातात तेवढी ताकद उरली असेल असं वाटलं नव्हतं.

"खोटं बोलू नगंस, माय," ती म्हणाली. "मी संगंच हुते की."

मी तो तुकडा खाल्ला. पाण्याने फुगलेला, मटकीच्या तिखटाचा वास लागलेला. मी गिळेपर्यंत ती माझ्या गळ्याकडे बघत राहिली. मग तिने स्वतःसाठी एक घेतला आणि आम्ही दोघींनी झाकण रिकामं होईपर्यंत खाल्लं.