घाट उतरल्यावर चाकाजवळ धरलेला हात

तुमच्या गॅरेजात लेकीच्या गाडीच्या इंजिनाची ताकद वाढवल्यावर ती कशी चालते, असं तुम्ही विचारलं होतंत. उत्तराला उशीर झाला, माफ करा.

आज सासवडहून येताना आम्ही दिवे घाट उतरलो. गाडी फार पळते. खाली आल्यावर मी लेकीला गाडी थांबवायला सांगितली. टेम्पो चालवायचो तेव्हाची सवय, चाकाजवळ हात धरला. इतकी धग, की धरवेना.

"ब्रेक बदललेस का गं?"

"बाबा, कंपनीचे चांगले ब्रेक आहेत. काळजी पुरे."

"हात धरून बघ."

तिने धरला आणि लगेच मागे घेतला.

मी सातवी शिकलेला. रोजची गाडी भरवशाची हवी, एवढंच कळतं. आधी ब्रेक बदलावेत, की इंजिन होतं तसं करावं? सोमवारी ती हिंजवडीला याच गाडीने जाणार. त्याआधी कळवा.