टाकीवरचा पोचा

जुनी मोटरसायकल खोलून पुन्हा जोडली की एखादा नट उरतोच. तो कुठला, हे कोणालाच आठवत नाही आणि गाडी तर त्याच्याशिवायही मजेत चालते! मग तो जातो डब्यात. आमचे किस्सेही असेच साठलेत. गाड्या ज्यांच्या त्यांच्या घरी गेल्या, हे मागे उरले.

आमचं गॅरेज म्हणजे इंदिरानगरमधल्या माझ्या घराचं पार्किंग. माझी कार बिचारी बाहेर उन्हात उभी असते. मंडळी तिघं. मी नोकरी सांभाळून इंजिन खोलतो. रफिकभाईंचं शहरातच द्वारका चौकात डेंटिंग-पेंटिंगचं दुकान आहे, रविवारी ते आमचे. आणि तिसरा बापू, लासलगावचा कांद्याचा व्यापारी. त्याला गाडीतलं ओ की ठो कळत नाही, पण उत्साह असा की पाना कुठल्या बाजूनं धरायचा तेही तोच शिकवतो!

सगळ्यात जास्त किस्से एकाच गाडीनं दिले. ती बापूच्या वडिलांची, अण्णांची राजदूत. कांदा साठवायच्या चाळीत कित्येक वर्षं पडून होती. बापूची आई गेली आणि अण्णांनी घराबाहेर पाऊल टाकणंच सोडलं. मार्केट नाही, पार नाही, देऊळसुद्धा नाही. आल्यागेल्याला दारातूनच हात जोडायचे.

बापू म्हणाला, "डॉक्टर म्हनतो तब्येत ठणठणीत हाय, फक्त मन नाय. ही गाडी चालू झाली ना, तर अण्णा भायेर पडतील. नाय पडले तर मग माझ्याकडं दुसरा उपाय नाय."

त्यामुळे हे काम आम्ही हौस म्हणून नाही, अगदी मनावर घेतलं.

*

इंजिनात नवीन बेअरिंग बसवायचं तर आधी बाहेरचं केसिंग चांगलं तापवावं लागतं. आमच्याकडे भट्टी कुठली? पण माझी बायको वैशाली हिचा ओव्हन होता. ती भाजी आणायला गेली, आम्ही केसिंग आत सरकवलं. बेअरिंग असं अलगद बसलं की रफिकभाईंनी चक्क टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तिनं त्याच ओव्हनमध्ये नानकटाई केली. तिची भिशी होती. बायकांनी खाल्ली, एकमेकींकडे बघितलं. शेवटी एकीनं विचारलं, "वैशाली, यात तू नक्की कुठलं तूप घातलंयस गं?"

भिशी संपली आणि वैशाली थेट गॅरेजमध्ये आली. "यापुढं माझ्या स्वयंपाकघराला हात लावलात, तर बत्ता फेकून मारीन! आणि माझा नेम चांगला आहे."

रफिकभाई हळूच म्हणाले, "भाभी, हेल्मेट आहे आमच्याकडे."

*

मग आला पहिली किक मारायचा दिवस. नारळ फोडला, बापूनं हार घातला. सायलेन्सर आधी साफ करायचा असं ठरलं होतं. कोणी करायचा, ते ठरलं नव्हतं!

मी किक मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा गाडी फुरफुरली आणि सायलेन्सरमधून तोफ उडाल्यासारखा आवाज झाला. चाळीतल्या उंदरांनी आत भरून ठेवलेली कांद्याची सगळी टरफलं भसकन बाहेर पडली. गेली कुठं? शेजारच्या काकूंनी कंपाउंडपाशी वाळत घातलेल्या कुरडयांवर!

काकू बाहेर आल्या. कुरडया बघितल्या, धूर बघितला, आम्हाला बघितलं.

"कांदा झाला," म्हणाल्या, "आता फोडणीला कधी येताय?"

*

राजदूतच्या हेडलाइटची गोल चकचकीत रिंग काही केल्या मिळेना. शेवटी बापूला ती नांदगावात सापडली. एका सलूनमध्ये, भिंतीवरच्या गोल आरशाला चौकट म्हणून बसवलेली!

आता एकदम मागायची कशी? म्हणून बापू आधी दाढीला बसला. दाढी झाली, तोंडून शब्द फुटेना. मग कटिंग केलं. मग मालिश. मालिश झाल्यावर कारागिरानं विचारलं, "आता काय?" बापूची नजर रिंगवर. भलत्याच तंद्रीत म्हणाला, "काढा!"

मिशी गेली!

बापू ओरडला, "अहो, मिशी नाय, ती रिंग!" कारागीर इतका ओशाळला की त्यानं रिंग काढून हातात ठेवली. वर आरसासुद्धा देत होता.

बापू रिंग घेऊन घरी गेला. अण्णा दारातच बसलेले. त्यांनी त्याला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "कोन पायजे?"

*

रफिकभाईंना पोचा सहन होत नाही. पत्र्यावरून डोळे मिटून तळहात फिरवतात आणि बरोबर जागेवर थांबतात. एकदा बापूच्या नात्यातल्या लग्नाला आम्ही तिघं गेलो होतो. मांडवासमोर नवरदेवाची कार फुलांनी मढवलेली. रफिकभाईंना राहवलं नाही. त्यांनी माळा जरा बाजूला सारल्या, बॉनेटवर हात फिरवला आणि शेजारी उभ्या असलेल्या गृहस्थांना म्हणाले, "नवरा कसा आहे माहीत नाही साहेब, गाडी मात्र ठोकलेली आहे!"

ते गृहस्थ म्हणजे मुलीचे वडील. त्या दिवशी आम्ही न जेवता परतलो.

अण्णांच्या राजदूतच्या टाकीवर असाच एक खोल पोचा होता. बापू म्हणाला, लहानपणापासून बघतोय, कधीतरी गाडी पडली असेल. रफिकभाईंनी त्या पोच्याचं जणू वैरच धरलं. किती रविवार गेले, देव जाणे. ठोकला, घासला, पुन्हा ठोकला. रंग चढल्यावर आम्ही तिघांनी आळीपाळीनं डोळे मिटून हात फिरवला. कुठं काही लागेना! मला सांगायला लाज वाटत नाही, माझे डोळे भरून आले होते.

*

गाडी पिकअपमध्ये घालून आम्ही लासलगावला निघालो. वैशालीही आली. म्हणाली, "माझी नानकटाई कशापायी गेली, ते मला बघायचंय."

अंगणात गाडी उतरवली. नुसती झळाळत होती. अण्णा उंबऱ्याच्या आत, खुर्चीत. बापूनं किक मारली, पहिल्या किकला चालू! आम्ही सगळे अण्णांच्या तोंडाकडे बघत राहिलो.

अण्णांनी मान डोलावली. "झकास हाय. कोनाची?"

"अण्णा, तुमचीच की! चाळीतली."

"माझी नाय." अण्णा शांतपणे म्हणाले. "माझ्या गाडीच्या टाकीला पोचा हाय. तुझ्या आईनं बत्ता फेकला व्हता. मला फेकला व्हता, मी वाकलो, टाकीला लागला." आणि ते खुर्चीवरून उठून आत जायला वळले.

बापूनं गाडी बंद केली. त्याचं तोंड बघवेना. रफिकभाई तर स्वतःच्या तळहाताकडे बघत उभे होते.

वैशालीनं विचारलं, "अण्णा, तो बत्ता आहे का अजून?"

अण्णा थांबले. "हाय तर! जाईल कुठं?"

ते आत गेले. आतून भांडी सरकल्याचा आवाज आला. मग अण्णा बत्ता घेऊन बाहेर आले, उंबरा ओलांडला, ओट्याच्या पायऱ्या उतरले आणि अंगणात गाडीपाशी येऊन उभे राहिले. बापूनं माझा दंड घट्ट धरला.

वैशाली म्हणाली, "मारा."

"मी? छ्या!" अण्णांनी बत्ता तिच्यापुढं धरला. "हे बाईमानसाचं काम हाय. घे पोरी."

वैशालीनं बत्ता घेतला. आधी माझ्याकडे बघितलं, चांगलं सावकाश. मग टाकीकडे. रफिकभाईंनी भिंतीकडे तोंड केलं आणि दोन्ही कानांत बोटं घातली.

ठण्!

अण्णा पुढं झाले. डोळे मिटून टाकीवरून तळहात फिरवला, आणि तो बरोबर जागेवर थांबला. बराच वेळ तिथंच होता.

"जरा वर पायजे व्हता," अण्णा म्हणाले. "पन चालंल. बाप्या, किल्ली आन."