आबांची कोरी नजर

"आदी डोळा इसावू दे," आबा म्हणायचे आणि अंधाऱ्या खोलीत डोळे मिटून पाच मिनिटं बसायचे. तोवर चहा नाही, बोलणं नाही.

भूगावच्या आमच्या शेडमध्ये भट्टीची उष्णता दुरून मोजणारी यंत्रं तपासली जात. नळीत डोळा लावला की समोरच्या उजेडावर एक बारीक तार दिसते. बटण फिरवून तिचा उजेड वाढवायचा. ती समोरच्या उजेडात मिसळून दिसेनाशी झाली की काटा वाचायचा. समोर भट्टीऐवजी ठरलेल्या तापाचा दिवा. सारा भरवसा बघणाऱ्या डोळ्यावर, म्हणून बघणारे दोघे: पौडच्या पलीकडून एसटीने येणारे आबा आणि त्यांच्या हाताखालचा मी. दोघांनी आपापला आकडा चिठ्ठीवर लिहून चिठ्ठी पालथी ठेवायची, असा त्यांचाच नियम होता. तुम्ही पाहिलं असतंत तर म्हणाला असतात, हे काय मतदान चाललंय!

एका हिवाळ्यात त्यांचा आकडा कमी येऊ लागला. त्यांना तार लवकरच दिसेनाशी होत होती. मला ते कळलं, पण सांगायची छाती होईना. मी त्यांची चिठ्ठी हळूच उचलून बघायचो आणि आपला आकडा तिच्याजवळ नेऊन ठेवायचो. त्या कमी आकड्यांवरून काटा वर सरकवून यंत्रं बाहेर जात राहिली.

एकदा त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या उलटल्या. दोन्हींवर एकच आकडा.

"आज म्या डोळाच लावला न्हाई. मनाला आलं ते लिवलं. तुला ह्योच कसा घावला?"

मी मान खाली घातली.

"मान दिलास, व्हय. पर कुनाची भट्टी कच्ची ऱ्हायली, तर तिला काय ठावं आबा कोन?"

त्यांनी पुन्हा बघायला लावलं. माझा खरा आकडा डोळ्याजवळ धरून वाचला आणि ते मालकांकडे गेले. "डोळा माजा गेलाय," एवढंच सांगितलं. माझं नावही काढलं नाही. मला आजही लाज वाटते.

बाहेर गेलेली यंत्रं परत मागवून आबांनी माझ्याकडून तपासून घेतली. शेवटच्या यंत्राची चिठ्ठी मी पुढे केली.

"मला कशाला दावतूस? तुला दिसलं न्हवं?"

दुसऱ्या दिवशी त्या अंधाऱ्या खोलीत मी एकटाच डोळे मिटून बसलो होतो.