रिशेलच्या गालावरची धूळ

बेनेडिक्ट फर्नांडिस वाईट माणूस आहे असं आमच्या वाडीत कोणी म्हणणार नाही. मी म्हणते. लग्न होऊन मसुऱ्याहून इथे आले तेव्हापासून त्याच्या कुंपणाला माझं कुंपण लागून आहे, तेव्हा म्हणायचा हक्क मला आहे. दारू नाही, पत्ते नाहीत, चर्चमधली रविवारची मिस चुकवत नाही, कोणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त स्वच्छ. इतका स्वच्छ की शेजारी राहून माझा जीव नकोसा झालाय, मग त्याच्या बायकोचं काय होत असेल ते बघा.

तरुणपणी तो सावंतवाडीला मामाच्या फोटो स्टुडिओत होता. अंधारखोलीत फिल्म धुवायची आणि वाळत घालायची, हे त्याचं काम. पुढे ओरोसला सरकारी नोकरी लागली आणि स्टुडिओ सुटला, पण फिल्म धुतल्याची घमेंड काही सुटली नाही. एसटीत आधी रुमालाने सीट पुसणार, मग रुमाल पसरणार, मग बसणार. घरी बायकोने, सेलेस्तीनने, भात वाढला की ताट उजेडात धरून बघणार. मी स्वतः पाहिलंय. मी तिच्या जागी असते तर तेच ताट त्याच्या डोक्यावर उपडं केलं असतं.

त्यांना दोन मुलं. मोठा नेल्सन, तो आता मस्कतला. धाकटी रिशेल. पहिल्या कम्युनियनच्या विधीचा पांढरा फ्रॉक घालून ती मला दाखवायला आली होती, आणि त्याच पावसाळ्यात ताप डोक्यात जाऊन गेली. आठ वर्षांची पोर. फ्रॉकमधले फोटो बेनेडिक्टनेच काढले होते. घरातले सगळे फोटो एका अल्बमात, अल्बम माळ्यावर, आणि तो वाळवीने खाल्ला. पुठ्ठ्यासकट माती केली मेलीने. उरली ती बिस्किटांच्या डब्यातली निगेटिव्हची एक पट्टी. त्यात चार चौकटी: दोन काळ्याकुट्ट, एकीत फादर, एकीत रिशेल.

गेल्या वर्षी चर्चमध्ये सांगितलं की सिमेटरीत जागा उरली नाही. लहान पोरांची जुनी थडगी उघडायची आणि अस्थी भिंतीतल्या कप्प्यात ठेवायच्या. कप्प्यावर दगडी पाटी, पाटीवर नाव आणि फोटो. त्या दिवशी मिस सुटल्यावर सेलेस्तीन घरी न जाता माझ्या पायरीवर येऊन बसली.

"किशोरी, कोणाक सांगू नको हां," ती म्हणाली. "माका तिचो चेहरो आठवणा नाय."

"काय सांगतस?"

"फ्रॉक आठवता. केसातली रिबन आठवता. चेहऱ्याच्या जाग्यार कायच नाय गो. मी आवस मगे तिची?"

मला रडू आलं, खरं सांगते. मी तिला म्हटलं, पट्टी आसा ना, मग फोटो येतलो, चेहरोय येतलो. त्यानंतर ती एकाच गोष्टीसाठी जगत होती. पाटी वगैरे जगाला दाखवायला. तिला तो चेहरा एकदा बघायचा होता.

पट्टी सावंतवाडीला कुठल्याही स्टुडिओत दिली असती तर आठवड्यात काम झालं असतं. पण दुसऱ्याच्या हातात देईल तो बेनेडिक्ट कसला! "बोटां लावतले," म्हणाला. नेल्सनकडून स्कॅनर मागवला, पांढरे हातमोजे मागवले, हवा फुंकायचा रबरी फुगा मागवला आणि आतल्या खोलीत दुकान मांडलं.

आता आमची जागा बघा. घरापुढून चिऱ्याच्या खाणीचे डंपर जातात. लाल माती तांदळात येते, दातांखाली येते, देवाच्या तसबिरीवर येते. त्यात थंडीचे दिवस, वारा सुका. बेनेडिक्ट पट्टी मऊ कापडाने पुसायचा, आणि जितकी पुसावी तितकी ती धूळ ओढायची. पोरं कंगवा डोक्यावर घासून कागदाचे कपटे उचलतात ना, तशी. घासल्याने वीज चढते, हे त्याला कळत होतं. पण दोष मात्र घरातल्या बाईचा.

झालं, सेलेस्तीनचे हाल सुरू झाले. पंखा बंद. खिडक्यांच्या फटींना कागद चिकटवले. खोलीभर ओल्या चादरी टांगल्या, हवेत ओल राहिली की वीज चढत नाही म्हणून. त्या चादरी तासातासाला भिजवायच्या कोणी? तिने. गुडघ्यात वात आलेली बाई बादल्या उचलत होती. मासे तळायचे नाहीत, तेलाचा धूर बसतो. नायलॉनचा गाऊन घालायचा नाही, त्याने ठिणगी उडते. झोपायचं पडवीत, कारण अंथरुणातून कापसाचे तंतू उडतात. आणि साहेब स्वतः आत, सुती पंचा नेसून उघडेबंब, हातात मोजे! दिसायला विनोदी, पण माझ्या शेजारणीच्या घरात कोणी हसत नव्हतं.

एक दिवस तो बोटावर काहीतरी धरून बाहेर आला. मी पडवीतच होते.

"ह्यो बघ. तुझो केस. चेडवाच्या, रिशेलच्या डोळ्यार पडललो."

सेलेस्तीन उठली. न्हाणीत गेली, कातर घेतली आणि वेणी मुळापासून कापून आली. पांढरी का होईना, कमरेएवढी वेणी होती तिची. बेनेडिक्टने तिच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाला, "आता खांदे झटक. हय नको, भायर जाऊन."

शिरा पडो तुझ्या तोंडार, असं मी तोंडावर म्हणाले. त्याने मला फाटकाबाहेर काढलं.

तरी मी गेलेच पुढल्या आठवड्यात, आणि नेमकी त्या वेळी गेले. सेलेस्तीन चादर भिजवायला आत शिरली होती आणि स्क्रीनवर रिशेल होती. मीही दारातून पाहिली. अंगावर पोहे सांडावेत तसे पांढरे ठिपके, कडेने मुळांसारख्या बारीक बारीक रेघा आत येत होत्या. पण पोर दिसत होती. सेलेस्तीनच्या हातातली बादली कलंडली.

"गो माझ्या बाये," ती म्हणाली. "हीच. हीच ती." मग नवऱ्याकडे वळली. "असोच दी रे. माका चलता. ह्योच फोटो लाव."

"अशी माती लागलली? लोक काय म्हणतले?"

"लोकांक मरांदेत! माका चलता मा!"

ती मोबाईल आणायला धावली, स्क्रीनचाच फोटो काढायला. धावली म्हणजे काय, भिंतीला धरून गेली. ती परत यायच्या आत त्याने आधीच्या सगळ्या फोटोंसारखा तोही पुसून टाकला. वर कॉम्प्युटरमधली कचरापेटीही रिकामी केली, कारण तिथेसुद्धा त्याला घाण चालत नाही. "पुना करतंय, बरो करतंय," म्हणाला. ती मोबाईल हातात धरून काळ्या स्क्रीनपुढे उभी होती आणि तो फरशीवर सांडलेलं पाणी दाखवत होता.

त्या रात्री तिने नेल्सनला फोन केला. सकाळी नेल्सनने बापाला केला, आणि बेनेडिक्टने फोन मोठ्या आवाजावर टेबलावर ठेवला होता म्हणून पडवीतून आम्ही दोघींनी सगळं ऐकलं.

"डॅडी, त्या मुळांसारख्या रेघा धूळ नाहीत. बुरशी आसा ती. इतके पावसाळे डब्यात होती पट्टी. पाणी बिलकुल लावू नकात. बुरशीन खाल्ललो थर पाण्यात इरघाळता. सुकीच ठेवा आणि सावंतवाडीक धाडा."

"माका फिल्म शिकवतस? तुझो जल्म होवच्या आदीपासून धुतंय मी," बेनेडिक्ट म्हणाला आणि फोन ठेवला.

स्टुडिओत तसंच करायचे म्हणे. फिल्मवरची धूळ हटेना की फिल्मला पुन्हा आंघोळ घालायची, पाण्यात थेंबभर साबण, मग चिमट्याने टांगायची. नव्या फिल्मला चालत असेल ते. त्याने स्टीलची परात घेतली, पाणी गाळून घेतलं, दोनदा. सेलेस्तीन परातीवर आडवी झाली अक्षरशः. "नको रे, पाया पडतंय तुझ्या," म्हणाली. खरंच पडली. तो तिला ओलांडून पलीकडच्या बाजूने बसला.

पट्टी पाण्यात गेली. थोड्या वेळाने त्याने ती चिमट्याने उचलली, उजेडात धरली आणि हाक मारली, "ये, बघ. कशी निर्मळ झाली!"

निर्मळच झाली होती. काचेसारखी. फादर होते त्या चौकटीत फादर शाबूत, झग्याची घडीसुद्धा मोडली नव्हती. पलीकडच्या, रिशेलच्या चौकटीतून मला समोरचा माड दिसत होता. परातीच्या तळाशी तपकिरी गढूळ काहीतरी हललं आणि पाण्यात मिसळून गेलं. बेनेडिक्टने पट्टी उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली. सेलेस्तीनने परात उचलली. मला वाटलं, आता त्याच्या अंगावर टाकते. तिने ती दोन्ही हातांनी छातीशी धरली आणि तशीच उभी राहिली, पाणी पोटावरून ओघळत होतं.

सिमेटरीतला विधी ठरल्या दिवशी झाला. बाकीच्या कप्प्यांवर चेहरे होते. हिच्या पाटीवर नाव, आणि फोटोसाठी आधीच कोरून ठेवलेली रिकामी खाच. येणारे जाणारे विचारत होते, फोटो खंय? बेनेडिक्ट सांगत होता, फिल्म खराब निघाली. फिल्म खराब निघाली म्हणे! मी तिथेच त्याचा उद्धार केला असता, पण सेलेस्तीनने माझा हात दाबून धरला होता.

घरी आल्यावर ती त्याच्यासमोर पडवीत बसली. मी चहा टाकला. तिने इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्याला काही विचारलं, आणि तेही शांतपणे.

"तू कितके दीस तिच्याकडे बघीत होतंस. मोठो करून करून बघीत होतंस. माझ्यापेक्षा तूच तिका शेवटची बघलंस. कशी दिसा ती, सांग माका."

बेनेडिक्टने डोळे मिटले. बराच वेळ आठवत होता बिचारा. त्या घटकेला मलासुद्धा वाटलं, आठवू दे रे देवा याला.

"कपाळार मधोमध एक ठिपको," तो म्हणाला. "नाकाच्या डाव्या बाजूक दोन. गालार एक लांब रेघ, आडवी. हनुवटीक बारीक कण, चार-पाच."

तो थांबला. ती थांबली नाही.

"धुळीचा सांगलंस," ती म्हणाली. "आता चेडवाचा सांग."

चहा गार झाला तरी ती तशीच त्याच्याकडे बघत बसली होती, आणि त्याला सांगता येत नव्हतं.