पुनमताईंचं टूल आणि पोत्याचं वजन

पुनम भोकरची. लग्न होऊन लातूरला आली आणि औसा रोडवरच्या आमच्या लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत लागली. आडत दुकानं आणि डाळमिलसाठी वजनकाट्याचं सॉफ्टवेअर आम्ही बनवतो. डेव्हलपरनं प्रोग्राम लिहायचा, तो बरोबर चालतो का हे आपोआप तपासणारे छोटे प्रोग्रामही त्यानंच लिहायचे आणि पुनमकडे द्यायचे. या छोट्या प्रोग्रामांना आम्ही टेस्ट म्हणतो. सगळं घोडं अडायचं ते देण्यापाशी.

कारण देण्याची प्रत्येकाची तऱ्हा निराळी. मुरुडचा रविकांत टेस्ट व्हॉट्सअॅपवर पाठवायचा, गुड मॉर्निंगच्या गुलाबांच्या मागोमाग, त्यामुळे पुनमला ती वर-खाली करून शोधावी लागायची. कुणी ईमेल करायचं, कुणी सरळ तिच्या खुर्चीत येऊन बसायचं. किल्लारीहून रोज जीपनं येणारे संगप्पा आमच्यात सगळ्यात जुने. ते पेनड्राइव्ह तिच्या टेबलावर ठेवायचे आणि म्हणायचे, "सगळं पास हाय. बघायची गरज न्हाई."

पुनम तरी बघायची. तिच्याकडं निम्म्या टेस्ट नापास व्हायच्या.

"माझ्या मशीनवर पास हायत," संगप्पा शांतपणे सांगायचे. "तुमची मशीन बदलून घ्या."

असं बरेच दिवस चाललं. मग नांदेडच्या एका डाळमिलला आमच्याकडून चुकीचाच प्रोग्राम गेला आणि मिलचा काटा रिकाम्या ट्रकचं वजन भरलेल्या ट्रकपेक्षा जास्त दाखवू लागला. मालक दयानंदसरांनी सगळ्यांना केबिनमध्ये बोलावलं. सोमवारपासून टेस्ट फक्त एकाच टूलमध्ये टाकायची, टूल ती टेस्ट स्वतः चालवून बघेल, हिरवं आलं तर काम पुढं, लाल आलं तर परत. दुसरा रस्ता बंद. "सगळ्यांना त्या टूलवर आणायची जबाबदारी पुनमची," एवढं बोलून ते नांदेडच्या मिलवाल्याची समजूत काढायला निघून गेले.

पुनमनं सगळ्यांना लॉगिन करून दिलं, टूल कसं वापरायचं ते दोन-दोनदा दाखवलं. टेस्ट टाकताना टूल एका चौकोनात विचारायचं, काय तपासलं ते लिहा. रविकांतनं लिहिलं, "वरीलप्रमाणे". वर काहीच नव्हतं. पुनमनं ती परत केली. मग त्यानं दोन अधिक दोन चार होतात का हे तपासणारी टेस्ट टाकली. ती हिरवी आली आणि त्यानं सगळ्यांना चहा सांगितला. चहा पिऊन झाल्यावर पुनमनं तीही परत केली.

संगप्पांनी मात्र टूल उघडूनसुद्धा बघितलं नाही. पुनम टेबलावर पेनड्राइव्ह घेईना, म्हणून एका रविवारी ते बायकोला, तारामतीबाईंना, सोबत घेऊन तिच्या घरीच गेले. पुनम आणि तिचा नवरा शिवशंकर बाजारात गेले होते. घरात सासू रुक्मिणबाई होत्या. त्यांनी पाहुण्यांना चुरमुऱ्यांचा सुशीला खाऊ घातला, तारामतीबाईंना हळदकुंकू लावलं, आणि जाताना संगप्पांनी अदबीनं दिलेला पेनड्राइव्ह दोन्ही हातांनी घेऊन देवघरात ठेवला.

पुनम घरी आल्यावर सासूनं तो तिच्यापुढं धरला.

"आत्या, हे मला घेता येत न्हाई."

"का न्हाई? माणूस किल्लारीहून जोडीनं आलता."

"ऑफिसात आता टूलमधूनच द्यावं लागतंय."

"टूल काय हळदकुंकवाला येतंय का?" रुक्मिणबाई म्हणाल्या. "घरी आलेल्या माणसाची इज्जत ठेवावी."

शिवशंकर एका क्लासमध्ये गणित शिकवतो. कठीण प्रश्न समोर आला की सोडवून दाखवायची त्याला सवय आहे. पण आईचा चेहरा बघून तो भाजीची पिशवी घेऊन आत गेला.

सोमवारी पुनमनं पेनड्राइव्ह संगप्पांच्या हातात परत दिला, पण खुर्ची ओढून त्यांच्या शेजारीच बसली. "सर, तुमी टाका. मी बसून राहिले इथंच." घरचा सुशीला खाल्लेला माणूस नाही कसा म्हणणार? त्यांनी टेस्ट टाकल्या. सगळ्या लाल आल्या. टूल म्हणत होतं, 'संगप्पा नवीन नवीन फायनल' नावाचं फोल्डर सापडत नाही. ते फोल्डर साऱ्या जगात फक्त त्यांच्या मशीनवर होतं. संगप्पा म्हणाले, "टूलला काय कळतंय," आणि दुपारपर्यंत गुपचूप सगळं दुरुस्त करून बसले.

टेस्ट हिरव्या आल्या. आता सगळं मार्गी लागलं असं पुनमला वाटलं. पण टूलनं संगप्पांचं आणि रविकांतचं काम एकत्र चालवलं आणि दोघांचंही लाल झालं. माल तोलताना रिकाम्या पोत्याचं वजन वजा करावं लागतं. संगप्पांचा प्रोग्राम ते सुरुवातीलाच वजा करत होता, रविकांतचा शेवटी. आपापल्या मशीनवर दोघंही बरोबर, पण एकत्र आल्यावर पोतं दोनदा वजा व्हायचं. एकानं माघार घेतली असती तर काम झालं असतं. फक्त हे दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. रविकांतच्या लग्नात पाहुण्यांना टॉवेल-टोपी दिली, त्यात संगप्पांचं नाव पुकारायचं राहिलं. तेव्हापासून ते त्याच्याकडं बघतही नव्हते.

"पुनमताई, त्याला सांगा, पोत्याचं वजन मी कापतो," संगप्पा म्हणाले. रविकांत त्यांच्या पलीकडच्याच टेबलावर होता.

"ताई, सरांना सांगा, पोतं शेवटीच कापतेत."

दोन-तीन निरोप पोचवल्यावर पुनम वैतागली. "टूलमध्ये शेरा लिहायची जागा हाय. तुमी दोघं तिथं लिवा. मी आता जेवायला चाललेय."

दोघांनी खरोखर लिहिलं. आधी पोत्याविषयी, मग काम कुणी आधी केलं त्याविषयी, आणि शेवटी संगप्पांनी लिहिलं, "जीपच्या ड्रायव्हरला टोपी दिली. मला दिली न्हाई." त्यांना ठाऊक नव्हतं की प्रत्येक शेरा टूल सगळ्यांना ईमेल करतं. दयानंदसर त्या वेळी पुन्हा नांदेडच्या मिलवाल्यासमोर बसून फोनमध्ये त्याला दाखवत होते, आता आमचं काम किती शिस्तीत चालतं ते. मिलवाल्यानं तो शेरा वाचला आणि विचारलं, "हे टोपीचं आमच्या काट्यात बी येणार का?"

सरांचा फोन थेट रविकांतला आला. काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही. तो फक्त "हाव सर, हाव सर" म्हणत होता. फोन ठेवून तो उठला आणि संगप्पांच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला.

"दादा, टोप्या कमी पडल्या होत्या. माझ्या सख्ख्या मामाला बी न्हाई भेटली. अजून रुसून हाय त्यो."

संगप्पांनी चष्मा काढून पुसला. "मामाला बी न्हाई?"

"न्हाई."

"मग ठीक हाय," ते म्हणाले. "बस. पोतं तू काप. मी माझं काढून टाकतो."

जेवून आलेल्या पुनमला दोघं एकाच स्क्रीनपुढं वाकलेले दिसले. ती दारातच थांबली. आपण मध्ये बोललो तर बिघडेल असं तिला वाटलं, असं तिनं मला नंतर सांगितलं.

पुढच्या महिन्यात स्वतः दयानंदसरांनी प्रोग्राममध्ये एक लहान बदल केला आणि त्याची टेस्ट पुनमला व्हॉट्सअॅपवर पाठवली. खाली लिहिलं होतं, 'अर्जंट'. पुनम केबिनमध्ये गेली.

"सर, ही टूलमधून टाकावी लागंल."

"अगं, मालक मी हाय ना?"

"हाव सर. म्हणून तुमचं लॉगिन सगळ्यात आधी बनवून ठेवलंय."

सरांनी लॅपटॉप पुढं ओढला. सगळी दुपार केबिनमधून खुर्ची करकरल्याचा आवाज येत होता. एकदा त्यांनी चहा मागवला, एकदा संगप्पांना बोलावून दार लावून घेतलं. साडेपाचच्या सुमारास दार उघडलं, सर बाहेर आले आणि फोनवर बायकोला सांगू लागले, "हिरवं आलं. न्हाई गं, सिग्नल न्हाई. घरी आल्यावर सांगतो."